मार्चच्या आत

१

"ताई, गेलेल्या पैशावर टॅक्स लागतो का हो?"

उज्वलाने हे भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं. आवाजात ना रडू, ना राग. पदराचा एक सुटलेला धागा ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

मी मालिनी. कॅनडा कॉर्नर म्हणतात त्या इथल्या चौकात माझं छोटं ऑफिस आहे, लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरून देते. यंदा सरकारने मुदत वाढवली आणि ती नेमकी पितृपक्षात येऊन पडली. त्यात शौनकच्या कंपनीत पैसे घातलेल्यांची रांग. द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज काढतो, माल परदेशी पाठवतो, महिन्याच्या महिन्याला परतावा देतो म्हणाला होता. जूनमध्ये त्याच्या ऑफिसला कुलूप लागलं आणि शौनक गायब झाला. सुरुवातीच्या चारदोन लोकांचं ऐकताना मला वाईट वाटलं होतं. मग वाटेनासंच झालं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला राहत नाही ना, तसं काहीतरी.

"टॅक्स लागत नाही," मी म्हणाले, "आणि वजाही होत नाही. धंद्यातला पैसा कोणी लुबाडला तर तो नुकसान म्हणून दाखवता येतो, निदान भांडता तरी येतं. तुझा कुठे धंदा आहे? घरातला पैसा गेला की तो नुसता जातो."

"बरं," ती म्हणाली आणि उठलीच नाही.

तिचा नवरा गोरख अंबडच्या एका कारखान्यात होता. दीड वर्षापूर्वी मशीनवर अपघात होऊन गेला. त्याची भरपाई मिळायला वर्ष गेलं. ती आली एप्रिलमध्ये आणि एप्रिलमध्येच शौनकच्या घशात गेली.

"उज्वला, तू कशी काय सापडलीस त्याला?"

"तोच आला की घरी. आखाजीच्या दिवशी."

आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. उज्वलाचं सासर सटाण्याकडचं. तिकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात, वर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवतात आणि गेलेल्या माणसाच्या नावाने एका माणसाला जेवू घालतात. तो माणूस त्या दिवसापुरता पितर. गोरखचं वर्षश्राद्ध झाल्यानंतरची ही पहिली आखाजी होती.

"आम्ही चारच माणसं होतो," उज्वला म्हणाली. "धोंडीरामआबा होते, माझे चुलत सासरे. पूजेला ढुंढिराज गुरुजी आले होते. आणि यांचे मित्र जीवनभाऊ पितर म्हणून पाटावर बसले होते. सासूबाईंना बरं नव्हतं, त्या गावालाच होत्या. जेवणं उरकली आणि हा दारात उभा. म्हणाला, वहिनी, चेक वटला ना? पैसा नुसता बँकेत कुजवू नका. आजच्या दिवशी घातलेलं अक्षय्य होतं."

"चेक वटल्याचं त्याला कुणी सांगितलं?"

धागा बोटावर थांबला.

"सासूबाईही तेच विचारतात, ताई. आदल्याच दिवशी वटला होता. मी ह्या तिघांशिवाय कुणाला बोलले नव्हते आणि तिघंही म्हणतात, आम्ही नाही सांगितलं. सासूबाई म्हणतात, मग तूच त्या मेल्याला बोलावलंस. विधवा बाईच्या घरी परका पुरुष उगाच येतो का? यांच्या तिथीला त्या येतायत. कोणी सांगितलं ते कळलं नाही तर ओवीला घेऊन जाणार. म्हणतात, अशा घरात माझी नात ठेवणार नाही."

ओवी तिची मुलगी, तिसरीतली.

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? बरं म्हणाले."

तिघंही माझेच अशील होते. तिघांचेही पैसे शौनककडे गेले होते. आणि तिघांचीही रिटर्न त्याच आठवड्यात भरायची होती.

२

पहिले आले धोंडीरामआबा. त्यांचं पंचवटीत बी-बियाणं आणि औषधांचं दुकान. खाली त्यांची कोरी करकरीत पिकअप उभी होती, अजून नंबरही पडला नव्हता. पैसे गेलेल्या माणसाकडे नवी गाडी? मी मनात नोंद केली.

"गाडी झकास आहे, आबा."

"फायनान्सची हाय ओ! जुनी पार खिळखिळी झाली व्हती. हप्ते भरता भरता माझं तेरावं व्हईल." ते स्वतःच हसले. मग आवाज खाली आला. "बाई, ते शौनकचं काय? दुकानाच्या खात्यातून दिले मी."

मी सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. धंद्याच्या खात्यातून दिलेत, म्हणजे नुकसान म्हणून मागून बघता येईल. इन्कम टॅक्स खातं मान्य करीलच असं नाही. पण ज्या वर्षी फसवणूक कळली, त्याच वर्षात ते दाखवावं लागतं. आत्ताचं रिटर्न मार्चपर्यंतचं. मार्चच्या आत कळलं असेल तर आत्ता धरू, नंतर कळलं असेल तर पुढच्या वर्षी.

"म्हणून विचारते, आबा. पैसे बुडाले हे तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी दोन्ही कानांना हात लावले.

"बुडाले म्हणू नका! अडकलेत. लय झालं तर अडकलेत म्हना. माझ्या तोंडून बुडाले निघालं का मंग खरंच गेले. टॅक्स घ्या जेवढा घ्यायचा तेवढा, पर ते बुडीतबिडीत काय लिहू नका."

"शौनक सापडला तरी पैसे सापडणार नाहीत."

"नाय का सापडंना. मी नाय म्हननार."

माणूस रोख टॅक्स भरायला तयार होता, पण एक शब्द उच्चारायला नाही. मी त्यांना उज्वलाचं विचारलं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "चेक टाकाया मीच नेलतं तिला बँकेत. कोनाला बोललो असंन का? घरात बी नाय बोललो. पोरांनी उसने मागितले असते ना. पर तिच्या सासूपुढं, सिंधुवहिनीपुढं, माझं कोन ऐकतंय!"

गाडीचे फायनान्सचे कागद त्यांनी मी न मागताच टेबलावर ठेवले. हप्ते खरोखरच तेराव्यापर्यंत पुरतील असे होते.

३

ढुंढिराज गुरुजी रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करतात आणि भक्तांसाठी चार खोल्या भाड्याने देतात. शौनकच्या वडिलांचं श्राद्ध तेच करायचे. शौनक त्यांच्या मांडीवर खेळलेला. संशय घ्यायला याहून सोपा माणूस मिळायचा नाही.

"मालिनीबाई, माझं तर दुहेरी मरण," ते बसता बसता म्हणाले. "तो मेला दर महिन्याला व्याज जमा झालं म्हणून चिठ्ठी पाठवायचा. व्याज काही मी काढलं नाही, राहू दे म्हटलं, वाढेल. आणि तुम्ही त्यावर माझ्याकडून टॅक्स भरून घेतलात."

"तुम्हीच उत्पन्न म्हणून सांगितलंत, गुरुजी."

"हो हो. म्हणजे खोट्या व्याजावर खरा टॅक्स. सरकारची बरी चंगळ!" हे बोलतानाही त्यांचा चेहरा हलला नाही. पिंडदानाचे मंत्र म्हणताना असतो तसाच कोरा राहिला.

"गुरुजी, शौनकला उज्वलाच्या पैशाचं तुम्ही सांगितलंत?"

"मी?" त्यांनी उपरणं सारखं केलं. "बाई, मला आकडा ठाऊक नव्हता. भरपाई आलीय, दक्षिणा नीट देईन, एवढंच ती बोलली. आणि आखाजीच्या आधी दोन महिने मी शौनकशी बोलतही नव्हतो. माझ्या नातवाच्या मुंजीला थोडे पैसे परत दे म्हटलं, तर त्याने फोनच उचलणं सोडलं. त्या दिवशी उज्वलाच्या दारात दिसला तेव्हा मी त्याला तिथेच विचारलं. म्हणाला, काका, महिन्याभरात देतो. पोर मांडीवर खेळलेलं. विश्वास बसला."

हे उज्वलाने सांगितलं नव्हतं, पण नंतर विचारल्यावर तिला आठवलं. गुरुजी आणि शौनक यांच्यात जिन्यात कुजबुज झाली होती.

"मग पैसे गेल्याचं कळलं कधी?"

"जूनमध्ये कुलूप पाहिलं तेव्हा. तरी अडकलेतच म्हणतो मी. बुडणं म्हणजे काय ते रोज गोदेच्या काठावर बघतो ना! तो शब्द उगाच वापरत नाही."

जाता जाता ते दारात थांबले. "एक सांगू? त्या आखाजीला पितर तृप्त झाला नाही. मी एवढी वर्षं जेवणावळी बघतोय. जीवन एक पुरणपोळी मोडून उठला. रसाची वाटी तशीच. उज्वलाला वाटलं मित्राच्या आठवणीने घास उतरेना. मलाही तसंच वाटलं होतं."

वाटलं होतं. आता काय वाटतं ते काही त्यांनी सांगितलं नाही.

४

जीवनबद्दल वाईट बोलणारा माणूस अंबडमध्ये शोधून सापडणार नाही. गोरख आणि तो एकाच शिफ्टला. पुढे जीवनने स्वतःचं जॉबवर्कचं युनिट टाकलं, पण गोरख गेल्यावर भरपाईसाठी चपला झिजवल्या त्या यानेच. वकील यानेच गाठला, साक्षीदार यानेच उभे केले. चेक हातात घेऊन उज्वलाकडे तोच गेला होता. अशा माणसावर संशय घ्यायचा म्हणजे आपलीच जीभ झडावी.

"मॅडम, यंदा जरा बघा," तो घाम पुसत म्हणाला. "मागच्या वर्षी मोठी ऑर्डर होती, नफा दिसतोय. टॅक्स भरायला हातात दमडी नाही. शौनकमध्ये बुडाले ते वजा करता येतील ना?"

बुडाले. सरळ म्हणाला. मी पेन खाली ठेवलं.

मी त्यालाही तेच सांगितलं. धंद्याचं खातं, कळल्याचं वर्ष, मार्चच्या आत की नंतर. हा प्रश्न मी सापळा म्हणून विचारला नव्हता. कायदाच तो विचारतो, मी फक्त तोंड.

"मार्चच्या आत," जीवन म्हणाला.

"कुलूप तर जूनमध्ये लागलं."

"ते लोकांसाठी. मला फेब्रुवारीतच कळलं होतं. आत्ताच्या रिटर्नमध्ये धरा."

"खात्याने विचारलं तर? नुसतं कळलं म्हणून चालत नाही. कशावरून कळलं?"

"पुरावा आहे ना!" त्याने उत्साहाने मोबाईल काढला. बिचाऱ्याला वाटत होतं, आपण टॅक्सची परीक्षा देतोय. "मी पैशासाठी तगादा लावला होता, तेव्हा त्याने बोलून पाठवलं. फेब्रुवारीची तारीख आहे बघा."

शौनकचा गोड आवाज माझ्या ऑफिसात घुमला. "जीवनशेठ, तुमचे पैसे गेले समजा. माझ्याकडे द्यायला काही नाही. हां, पण तुम्ही एखादं नवीन..."

जीवनने झटकन अंगठा दाबला. आवाज तुटला.

"एवढं पुरे ना, मॅडम?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. फक्त एकामागून एक गोष्टी आपापल्या जागी जाऊन बसल्या.

५

"जीवन, आखाजी कधी असते?" मी विचारलं.

"एप्रिलच्या शेवटी होती यंदा."

"आणि तुम्हाला कळलं फेब्रुवारीत."

कुठे पाय पडला हे त्याला उमगायला वेळ लागला. मी घाई केली नाही.

"आबांच्या तोंडून बुडाले हा शब्द निघत नाही. गुरुजी अजून अडकलेत म्हणतात. त्यांची आशा अजून सुटली नाही. एप्रिलमध्ये त्या खोलीत, शौनककडे दिलेला पैसा परत येत नाही हे ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि तो पाटावर बसला होता. समोर शौनक उज्वलाला गोड बोलून पैसे मागत होता. तुम्ही गप्प बसलात. का?"

"मॅडम, मला बोलायला हवं होतं, पण..."

"नुसते गप्प बसला असतात तर मी म्हटलं असतं, भित्रा माणूस. पण शौनकला चेक वटल्याचं ठाऊक होतं. आबांनी सांगितलं असतं तर स्वतःच्या पैशाची आशा असलेला माणूस आपल्याच घरातल्या बाईला गुंतवतोय, एवढाच त्याचा अर्थ. पण ते तर स्वतःच्या पोरांनाही बोलले नाहीत. गुरुजींना आकडाही माहीत नव्हता, चेकही नाही आणि शौनक त्यांचा फोन उचलत नव्हता. शौनक एकाशीच बोलत होता. एखादं नवीन... पुढे काय म्हणाला तो? गिऱ्हाईक आणा, मी तुमचे देतो. हेच ना?"

त्याने मान खाली घातली. मोबाईल टेबलावर ठेवला आणि उरलेलं मला ऐकवलं. शब्द थोडे वेगळे होते, अर्थ तोच.

"थोडेच दिले त्याने मला," जीवन म्हणाला. "दुसऱ्या दिवशी. मशीनचा हप्ता थकला होता, बँकवाले दारात बसले होते. चार कामगार आहेत माझ्याकडे. मी म्हटलं, वहिनीचे त्याच्याकडे राहतील दोनचार महिने, द्राक्षाचा सीझन येईल, तो फेडील..." तो थांबला. "नाही. असं काही म्हटलं नव्हतं मी. काहीच म्हटलं नव्हतं. तिने रस वाढला तेव्हा फक्त गळ्याखाली उतरेना."

बाहेर कोणीतरी रिटर्नसाठी ताटकळत होतं. मी दार लोटून घेतलं.

"हे बघा, तुम्ही माझे अशील. तुमचं गुपित मी बाहेर सांगणार नाही, उज्वलालाही नाही. माझ्या धंद्याचा तो नियम आहे आणि आज मला त्याची चीड येतेय. पण रिटर्नमध्ये हे धरलं आणि खात्याने खुलासा मागितला, तर फेब्रुवारी म्हणून तुम्हाला सहीनिशी लिहून द्यावं लागेल. शिवाय जे परत मिळालं ते वजा करून. कुणाच्या पैशातून मिळालं, तेही विचारतील. बोला. फेब्रुवारी लिहू की जून?"

"जून लिहिलं तर?"

"तर टॅक्स आत्ता भरावा लागेल. आणि सही खोटी होईल. मग तुम्हाला दुसरा टॅक्सवाला शोधावा लागेल."

तो उठला. दारापाशी जाऊन म्हणाला, "गोरखच्या तिथीला वहिनीने मलाच पितर म्हणून बोलावलंय परवा."

"मलाही जेवायला बोलावलंय," मी म्हणाले.

६

सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत खिरीचा आणि वड्यांचा वास भरला होता. सिंधुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दाराजवळ कापडी पिशवी, त्यात ओवीचे फ्रॉक घडी करून भरलेले. ओवी त्या पिशवीकडे बघत नव्हती. आबा आणि गुरुजी हात पाय धुऊन आले. पाटासमोर ताट मांडलेलं होतं. कढी, गवार, भोपळ्याची भाजी, उडदाचे वडे, खीर.

जीवन येईल असं मला वाटत नव्हतं. तो आला. पाटावर बसला. उज्वलाने त्याच्या कपाळाला गंध लावलं आणि गोरखच्या नावाने नमस्कार केला.

"वाढू ना, भाऊ?"

"थांबा, वहिनी."

मग त्याने सांगितलं. लांबण लावली नाही, कारणंही दिली नाहीत. शौनकला मीच सांगितलं, चेक वटला, आखाजीला ये, मी समोर असेन म्हणजे वहिनी विश्वास ठेवेल. मशीन विकायला काढलंय. माझ्याकडे परत आले होते तेवढे तरी तुमचे तुम्हाला देतो. पोलिसांपुढेही हेच सांगतो.

आबांच्या तोंडून शिवी निघाली. गुरुजींनी डोळे मिटले. सिंधुबाई भिंत सोडून पुढे सरकल्या.

"मना पोऱ्याना जागावर बठीसन?" त्या एवढंच म्हणाल्या. माझ्या पोराच्या जागेवर बसून?

जीवन पाटावरून उठायला लागला.

"उठू नका," उज्वला म्हणाली. तोच भाजीचा भाव विचारणारा आवाज. "ताट वाढलंय. ते त्यांचं आहे, तुमचं नाही. मागच्या खेपेला ते उपाशी गेले. आज सगळं संपवायचं. मग जा."

आणि ती वाढत राहिली. त्याने पान पुसून घेईपर्यंत वाढत राहिली. तो रडत जेवला, तिने तिकडे पाहिलंही नाही. जेवण झाल्यावर प्रथेप्रमाणे विडा दिला, दक्षिणा दिली. तो ती घेईना, तेव्हा गुरुजी म्हणाले, "घ्या. आज तुम्ही तुम्ही नाही." त्याने घेतली आणि खाली मान घालून गेला.

सिंधुबाई उठल्या. पिशवीतले फ्रॉक एकेक करून बाहेर काढले आणि कपाटात ठेवले. उज्वलाशी बोलल्या नाहीत. शेवटचा फ्रॉक मात्र तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हाई जरा तंग व्हस तिले. नवा ली दे." फ्रॉक तंग होतो, नवा घे. तेवढीच त्यांची माफी.

मी निघाले तेव्हा उज्वला जिन्यापर्यंत आली.

"ताई, माझं कुठल्या वर्षी लिहिणार?"

"तुझं नाही लिहिता येत गं. धंदा नाही ना तुझा. सांगितलं होतं ना?"

"तरी. लिहायचंच असतं तर?"

सवयीने तोंडात आला तो प्रश्न मी विचारला. "तुला कधी कळलं?"

तिने हातातल्या फ्रॉकची घडी केली, परत मोडली.

"आत्ता," ती म्हणाली. "तोवर मी अडकलेतच म्हणत होते." आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. एवढ्या दिवसांनी मलाही.